फिकट तपकिरी

धुळेटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चैतालीने लॅबचा फ्रिज उघडला, तेव्हा मागच्या भिंतीला टेकलेली एक छोटी नळी गोठलेली होती. नळीवर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, सीडीके-फोर.

सुरतेत रिंग रोडवरच्या त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये चैताली सपकाळे सहा वर्षं टेक्निशियन होती. दवाखान्यांतून आलेले गाठींचे तुकडे मेणात बसवायचे, त्यांचे केसाहून बारीक काप काढायचे, काचेच्या पट्टीवर चढवून रंगवायचे, हे तिचं काम. नळीत होतं ते अँटिबॉडीचं द्रावण. शरीरातली पेशी एकीच्या दोन व्हायला निघते तेव्हा तिला पुढे रेटणारं एक प्रथिन असतं, त्याला सीडीके-फोर म्हणतात. चरबीच्या काही वाईट गाठींत ते बेसुमार वाढतं. अँटिबॉडी त्याला नेमकं शोधून चिकटते, आणि वरून रंग टाकला की पेशींची केंद्रकं तपकिरी दिसतात. प्रथिन वाढलेलं नसेल तर सगळं निळंच राहतं. चरबीची साधी गाठ आणि चरबीचा कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली कधी कधी इतके सारखे दिसतात की डॉक्टरांना या रंगावरच विसंबावं लागतं.

अँटिबॉडी थंड ठेवायची पण गोठू द्यायची नाही, हे खोक्यावर छापलेलं होतं आणि चैतालीला पाठ होतं. सुट्टीआधी घाईघाईत नळी मागे ढकलली होती तिनेच. नवी कुपी परदेशातून मागवायची तर सहा-सात आठवडे लागत, कधी त्याहून जास्त. शिवाय चारच दिवसांपूर्वी तिच्याबरोबर काम करणाऱ्या वैशालीच्या हातून पट्ट्यांचा एक ट्रे पडला होता आणि लॅबच्या डॉक्टर जरीवाला मॅडमनी तिला सगळ्यांसमोर इतकं झापलं होतं की ती दुपारभर बाथरूममध्ये रडत होती. चैतालीने नळी मुठीत धरली. मुठीच्या उबेने बर्फ विरघळला. द्रावण पूर्वीसारखंच दिसत होतं, पाण्यासारखं स्वच्छ. तिने ते कुणाला सांगितलं नाही.

रुग्णाच्या पट्टीबरोबर दर वेळी एक कंट्रोल पट्टीही रंगवतात. ज्या गाठीत हे प्रथिन भरपूर आहे असं आधीच ठाऊक असतं, तिचा काप त्या पट्टीवर असतो. तो तपकिरी आला म्हणजे अँटिबॉडी काम करते आहे. त्या दिवशी कंट्रोल तपकिरी आली, पण चहात दूध जास्त पडल्यासारखी. चैतालीने ती मॅडमच्या टेबलावर ठेवली. मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि पुढची पट्टी घेतली. चैतालीचा जीव भांड्यात पडला. पुढच्या आठवड्यांत कंट्रोल थोडी थोडी आणखी फिकी होत गेली, आणि तिच्या नजरेला त्याची सवय होत गेली.

जूनच्या अखेरीला नवी कुपी आली. नव्या कुपीचं पहिलं काम ठरलेलं असतं, एकाच गाठीचे दोन काप घ्यायचे, एकावर जुनं द्रावण, दुसऱ्यावर नवं, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायचे. शनिवारी दुपारी चैतालीने ते केलं. नव्या कुपीची पट्टी भाजलेल्या कॉफीसारखी गडद आली. जुन्या द्रावणाची जवळजवळ निळी होती.

तिने दोन्ही पट्ट्या पुन्हा बघितल्या. अदलाबदल झाली असेल म्हणून क्रमांक तपासले. मग स्टूल ओढून खाली बसली. मार्च ते जून. साडेतीन महिने. त्या काळात निळ्या आलेल्या पट्ट्यांपैकी कुठल्या खरंच निळ्या होत्या?

रजिस्टर उघडायच्या आधीच एक नाव तिच्या मनात आलं होतं. वाल्मिक बडगुजर, वय सेहेचाळीस, उजवी मांडी. एप्रिलमध्ये सुईने घेतलेला तुकडा आला होता. रिपोर्ट न्यायला त्याची बायको उज्ज्वला आली होती. मूळची खानदेशातल्या पारोळ्याकडची, राहायला लिंबायतला. खिडकीवरच्या मुलीशी तिला गुजरातीत नीट बोलता येईना, म्हणून चैतालीला बोलावलं. रिपोर्ट समजावून सांगणं हे टेक्निशियनचं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण बाई कागद उलटासुलटा धरून उभी होती. चैतालीने वाचलं आणि सांगितलं, साधी चरबीची गाठ आहे, घाबरू नका. उज्ज्वलाने खिडकीतून हात घालून तिचा हात दाबला होता. त्या दिवशी चैतालीला स्वतःबद्दल फार बरं वाटलं होतं.

वाल्मिकचा मेणाचा ठोकळा कपाटात होता. तिने नवा काप काढला, नव्या कुपीने रंगवला आणि पट्टीवर नाव न घालता नुसता क्रमांक टाकला. रंग चढायला तीन-चार तास लागतात. तेवढा वेळ ती बाकीची कामं करत राहिली, पण एक पट्टी तिने दोनदा धुतली आणि एक धुवायची विसरली. वैशालीने विचारलं, बरं नाही का. चैताली म्हणाली, उकाडा आहे.

संध्याकाळी सहाला तिने पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. केंद्रकामागून केंद्रक तपकिरी. शंकेला जागाच नव्हती.

रविवारचा अख्खा दिवस तिने उधन्याच्या घरात काढला. जेवायला बसली की घास तोंडातच फिरत राहायचा. आईने, काशीबाईंनी, दृष्ट काढायची गोष्ट काढली. वडील, रामजी, रेल्वेच्या यार्डातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. दुपारी आई शेजारी गेलेली बघून त्यांनी तिला समोर बसवलं. चैतालीने सगळं सांगितलं. नोकरी जाईल, पोलिसात जाईल का ठाऊक नाही, परत कुठल्या लॅबमध्ये कोण उभं करील, हेही सांगितलं. ते ऐकत राहिले. मग त्यांनी एवढंच विचारलं, "त्या माणसाला हे कळलंय का?"

"नाही बाबा."

ते उठून तिच्यासाठी पाणी घेऊन आले. चैतालीला वाटलं, ते रागावले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी मॅडम आल्याआल्या ती त्यांच्या खोलीत गेली आणि जुनी, नवी आणि वाल्मिकची अशा तिन्ही पट्ट्या टेबलावर ठेवल्या. नळी गोठली होती हे तिने आधी सांगितलं, कारण ते मागे ठेवलं तर पुन्हा जमणार नाही असं तिला वाटलं. डॉक्टर पल्लवी जरीवाला पन्नाशीच्या, सुरतेत वाढलेल्या, हाताखालच्यांना त्यांची पावलं ओळखता येत. चैताली ओरडण्याची वाट बघत उभी राहिली. मॅडम ओरडल्या नाहीत. त्या बराच वेळ सूक्ष्मदर्शकात बघत राहिल्या. वर बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"कंट्रोल फिकी होती," त्या हिंदी-गुजरातीच्या मिसळीत हळू म्हणाल्या. "मलाही दिसलं होतं. त्या दिवशी ऐंशी पट्ट्या होत्या. मी पुढे गेले."

चैतालीला कळलं की मॅडमही घाबरल्या आहेत, आणि त्या क्षणी तिची भीती दुप्पट झाली. आतापर्यंत तिला वाटत होतं, आपण सांगितलं की पुढचं मोठं माणूस बघेल.

मॅडमनी दार लावून घेतलं. गुरुवारी लॅबची तपासणी होती. मान्यता टिकवायची म्हणजे बाहेरून दोन तपासनीस येऊन दोन दिवस सगळे कागद बघणार होते. गुरुवार, शुक्रवार जाऊ दे, मॅडम म्हणाल्या. शनिवारी आपण त्या माणसाच्या सर्जनला फोन करू. एप्रिलपासून झालं नाही ते पाच दिवसांत काय होणार आहे. वाक्य पूर्ण करताना त्यांनी चैतालीकडे बघितलं नाही.

चैताली हो म्हणून बाहेर आली. जेवणाच्या सुट्टीत तिने जिन्यात उभं राहून रजिस्टरमधल्या नंबरावर फोन लावला. हा नंबर सेवेत नाही, असं गुजरातीत उत्तर आलं. तिने सात वेळा लावला. संध्याकाळी सर्जनच्या दवाखान्यातून तिने चतुराईने एवढं काढून घेतलं की बडगुजरांना दिवाळीनंतर ऑपरेशनला बोलावलं आहे, गाठ साधी असल्यामुळे घाई नाही, आणि एप्रिलनंतर ते आलेले नाहीत. म्हणजे गाठ अजून मांडीतच होती. आणि ती काय आहे हे जगात फक्त तिला, मॅडमना आणि बाबांना ठाऊक होतं.

मंगळवारी दुपारी तिने डोकं दुखतं असं सांगितलं आणि रिक्षा करून पांडेसऱ्याला गेली. वाल्मिक जिथे कापड रंगवायच्या मशीनवर होता ते डाइंग हाऊस तपासणीच्या अर्जावर लिहिलेलं होतं. दारावरच्या माणसाने वही बघून सांगितलं, आठ दिवस झाले, येत नाही, पाय सुजलाय म्हणतो. त्याने लिंबायतच्या गल्लीचं नाव दिलं. रिक्षात बसल्यावर चैतालीने सीटचा दांडा धरला तो उतरेपर्यंत सोडला नाही. आठ दिवस. ती मनातल्या मनात हिशेब करत होती की शनिवारपर्यंत थांबले असते तर बारा झाले असते, आणि मार्चमध्येच तोंड उघडलं असतं तर एकही झाला नसता.

गल्लीत दोन्ही बाजूंनी कापड विणणारे लूम खडखडत होते. पत्ता विचारायला ओरडावं लागत होतं. एका उभ्या लोखंडी जिन्यावर तिला पाठवलं. वर एकच खोली, दार उघडं. ती दारात थांबली. आत वाल्मिक खाटेवर पडलेला होता, लुंगी वर सरकवलेली, आणि एक म्हातारा त्याच्या उजव्या मांडीवर तेल ओतून दोन्ही अंगठ्यांनी गाठ रगडत होता. गाठ मोसंब्याएवढी होती असं एप्रिलच्या कागदावर लिहिलं होतं. आता ती नारळाएवढी दिसत होती. वरची कातडी ताणून चकाकत होती. वाल्मिकने दातांत टॉवेल धरला होता.

"बाबा, हात काढा," चैताली म्हणाली. "आधी हात काढा तिथून."

म्हाताऱ्याने हात उचलले. उज्ज्वला स्वयंपाकाच्या कट्ट्याकडून वळली आणि तिने ओळखलं. तिचा चेहरा आधी फुलला, लॅबमधल्या ताई आल्या म्हणून. तिने लगबगीने पाट पुढे केला, आपल्या अहिराणीत बठा म्हणाली, आणि सांगू लागली की चरबीची गाठ चोळून विरघळते असं गावाकडच्या सगळ्यांनी सांगितलं, म्हणून मामांना पारोळ्याहून बोलावलं, महिना झाला, रोज दोन वेळा चोळतात. साधी गाठ आहे म्हटल्यावर मग चोळायला काय हरकत.

चैताली पाटावर बसली नाही. उभ्यानेच सांगितलं. सांगताना तिचा आवाज लूमच्या खडखडाटात बुडत होता, म्हणून तिला एकेक वाक्य दोनदा मोठ्याने म्हणावं लागलं, आणि प्रत्येक वाक्य दुसऱ्यांदा म्हणणं जास्त कठीण होतं. रिपोर्ट चुकला होता. परत तपासला. गाठ साधी नाही. कर्करोग आहे. तपासायचं औषध फ्रिजमध्ये गोठलं होतं, ते तिला ठाऊक होतं आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हाताऱ्याने तेलाची वाटी उचलली आणि भिंतीकडे सरकला. त्याचे हात तेलकट होते, ते कुठे पुसावेत हे त्याला कळेना.

उज्ज्वला जवळ आली. "तूच सांगेल व्हतं ना, साधी गाठ शे म्हणीसन?"

"हो. मीच सांगितलं होतं."

"मंग आते कोनवर इसवास ठेवू?"

उज्ज्वला मारेल असं चैतालीला एक क्षण वाटलं, पण तिने तोंड बाजूला केलं नाही. पण उज्ज्वला खाटेच्या पायाशी बसली आणि नवऱ्याचा तेलकट पाय आपल्या पदराने पुसू लागली, घोट्यापासून वरपर्यंत, गाठीपाशी आली की हात उचलून पलीकडून परत सुरुवात करायची. गाठीला हात लावायची तिला आता भीती वाटत होती.

वाल्मिकने तोंडातला टॉवेल काढला. "ताई, खरं सांग. मन्हा पाय जाई का?"

घाबरू नका, हे शब्द चैतालीच्या जिभेवर आले होते. ते तिने गिळले. "मला माहीत नाही, भाऊ. आज डॉक्टरांकडे जायला हवं. आत्ता."

जिन्यात उतरून तिने मॅडमना फोन लावला आणि आपण कुठे आहोत ते सांगितलं. लूमचा आवाज फोनमधून तिकडे जात असणार. मॅडम आता काय म्हणतील याची वाट बघताना चैतालीने कठड्याचा गंज नखाने खरवडून काढला. मग मॅडम गुजरातीत म्हणाल्या, "एमने लईने आव. हमणां ज." त्यांना घेऊन ये, आत्ताच. सर्जनशी मी बोलते.

शेजारच्या एकाला हाक मारून चौघांनी मिळून वाल्मिकला जिन्यावरून खाली आणलं. रिक्षात उज्ज्वला चैतालीच्या शेजारी बसली, पण मधे पिशवी ठेवून.

पुढचे दिवस फार वेगाने गेले. स्कॅनमध्ये दिसलं की गाठ मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली आहे, पण हाडात शिरलेली नाही. गुरुवारी सकाळी तपासनीस आले तेव्हा त्यांनी काही विचारायच्या आधी जरीवाला मॅडमनी जुनी आणि नवी पट्टी त्यांच्यापुढे ठेवली आणि स्वतःची सही असलेला एप्रिलचा रिपोर्टही ठेवला. चैताली काचेपलीकडून बघत होती. मॅडमचे हात टेबलाखाली एकमेकांत गुंतलेले होते. लॅबची ती चाचणी तीन महिन्यांसाठी बंद करण्यात आली. चैतालीला लेखी ताकीद मिळाली. नोकरीवरून काढलं नाही. काढलं असतं तर सुटका झाल्यासारखं वाटलं असतं का, असा विचार तिच्या मनात येऊन गेला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

वाल्मिकचं ऑपरेशन सहा तास चाललं. पाय वाचला. मांडीचा एक मोठा स्नायू काढावा लागला, त्यामुळे गुडघा पुरता वळणार नाही आणि मशीनवर बारा तास उभं राहणं आता होणार नाही. काढलेल्या गाठीच्या एका कोपऱ्यात पेशी आणखी वाईट रूप घ्यायला लागल्या होत्या, म्हणून पंचवीस दिवस किरणं द्यावी लागली. तो कोपरा एप्रिलमध्येही तसाच होता का, असं चैतालीने सर्जनना विचारलं. ते कुणालाच सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. त्यांनी ते समजुतीसाठी म्हटलं असावं. चैताली त्या उत्तराजवळ अनेक दुपारी अडकून राहिली.

उज्ज्वला तपासणीच्या कागदांसाठी लॅबमध्ये यायची. ती वैशालीशी बोलायची. चैताली समोर आली तर मान खाली घालून कागद घ्यायची, आणि एवढंच.

चाचणी बंद करण्याआधी तपासनिसांनी साडेतीन महिन्यांतल्या सगळ्या निळ्या पट्ट्या पुन्हा रंगवायला सांगितल्या होत्या. वाल्मिकखेरीज तीन होत्या. दोन पुन्हा निळ्या आल्या. तिसरीचा ठोकळा कपाटात नव्हता. दुसरीकडे दाखवायला म्हणून नातेवाईक घेऊन गेल्याची नोंद होती. नाव रंजना सोनवणे, वय अडतीस, पाठीवरची गाठ, पत्ता पर्वत पाटियाजवळच्या एका चाळीचा.

फोन लागत नव्हता. चैताली चाळीत गेली तर त्या खोलीत आता साड्यांना टिकल्या लावणारं दुसरंच कुटुंब राहत होतं. रंजनाबाई साड्यांच्या घड्या घालायला मार्केटमध्ये जायच्या, कुठल्या ते ठाऊक नाही. चैताली दर रविवारी जाऊ लागली. पर्वत पाटियाच्या मार्केटांमध्ये मजल्यामागून मजले असतात, आणि प्रत्येक मजल्यावर घड्या घालणाऱ्या बायका रांगेने बसलेल्या असतात. ती प्रत्येक रांगेत नाव विचारायची. कुणी पाठ खाजवताना दिसली तर रांग सोडून आधी तिला विचारायची. पाचव्या रविवारी एक बाई म्हणाली, तीच ना, नंदुरबारवाली, ती तर बहिणीकडे गेली गोडादऱ्याला. तिच्या मोबाइलमध्ये नवा नंबर होता.

चैतालीने तिथेच, कापडाच्या गठ्ठ्यावर बसून, फोन लावला. तिसऱ्या रिंगला उचलला. बाईचा आवाज अगदी साधा होता, पाठीमागे कुकरची शिट्टी होत होती. चैतालीने आपलं नाव सांगितलं, लॅबचं सांगितलं, मग तिला पुढचं वाक्य सुचेना. तुम्हाला वेळ आहे का, असं काहीतरी ती म्हणाली. गाठ कशी आहे ते विचारलं. आहे तशीच आहे, रंजनाबाई म्हणाल्या, का हो?

दुसऱ्या दिवशी ठोकळा परत आला, एका पानमसाल्याच्या पुडीत गुंडाळलेला. ती चाचणी अजून बंद होती. मॅडमनी तपासनिसांची लेखी परवानगी काढून ती एकच पट्टी लावायला सांगितली. रंजनाबाई बहिणीला घेऊन बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या, घरी जा म्हटलं तरी हलायला तयार नव्हत्या. चैतालीने आधी कंट्रोल बघितली. गडद तपकिरी. मग रंजनाबाईंची पट्टी लावली.

निळी होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकही तपकिरी ठिपका नव्हता. मॅडमनी बघितली, मान हलवली आणि म्हणाल्या, जा, सांग त्यांना.

चैताली जागची उठली नाही. तिने ठोकळा पुन्हा यंत्रात बसवला, नवा काप काढला आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं. मॅडम दारात थोडा वेळ उभ्या राहिल्या. त्यांनी तिला थांबवलं नाही. त्यांनी वैशालीला हाक मारली आणि बाहेर बसलेल्या दोघींना चहा द्यायला सांगितलं, अजून तीन-चार तास लागतील म्हणून.